बोटींच्या तळाचे जीव : मालीमपासून मयेपर्यंत

शनिवार : मालीम आणि बेती

गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस ट्रॉलर एकामागून एक धक्क्याला लागतात, काही काठावर ओढून घेतले जातात आणि वर्षभर पाण्याखाली राहिलेला त्यांचा तळ काही दिवस उघड्यावर येतो. बोटींच्या तळाला चिकटून वाढणारे जीव पाहायचे असतील तर याहून चांगला काळ नाही. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर मांडवी आणि झुवारी या दोन्ही नद्यांत समुद्राचे पाणी सर्वांत आतपर्यंत शिरलेले असते, आणि त्याबरोबर खाऱ्या पाण्यातील जीवांनीही आपली हद्द आतवर सरकवलेली असते. आमचा बेत असा होता की मांडवीच्या मुखाजवळ सुरुवात करायची, कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीकडे उतरायचे, मग उलट फिरून मांडवीच्या वरच्या अंगाला जायचे आणि शेवटी जिथे मिठाचा संबंधच येत नाही अशा मये तलावावर थांबायचे. मला मुख्य ओढ गोड्या पाण्यातील जीवांची. पण खाऱ्या टोकापासून चालत गेल्याशिवाय त्यांचे वेगळेपण नीट ध्यानात येत नाही, असे माझे मत आहे. बरोबर माझ्या मामेभावाची मुलगी मृणाल होती. ती प्राणिशास्त्र शिकते, तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे आणि चिखलात उतरायला ती मागेपुढे पाहत नाही.

मालीमच्या धक्क्यापलीकडे, ओहोटीने उघड्या पडलेल्या काठावर एक लाकडी ट्रॉलर एका कुशीवर कलून उभा होता. मालकाने परवानगी दिली, फक्त रंग खरवडू नका एवढे बजावले. पाण्याच्या रेषेपाशी हिरव्या शेवाळाचा पट्टा होता, त्याखाली बार्नेकलांची, म्हणजे चुन्याच्या कवचात राहून एका जागी चिकटून बसणाऱ्या प्राण्यांची, दाट वस्ती आणि त्याच्याही खाली, कण्याच्या दोन्ही अंगांना, कालवांची धारदार कवचे. सर्वांत जाड थर मात्र तळाच्या तीन-चार चौकोनी तुकड्यांवर होता. असे का, हे मालकानेच सांगितले. बोट वर घेतली की ती लाकडी ठोकळ्यांवर टेकवतात. ठोकळा जिथे लागतो तिथे ब्रश पोचत नाही आणि तेवढा भाग रंगावाचून तसाच पुन्हा पाण्यात जातो. पाण्यातल्या पिल्लांना तो तुकडा बरोबर सापडतो.

मृणालने सुटा पडलेला एक बार्नेकल काचेच्या पेल्यात नदीच्या पाण्यात ठेवला आणि आम्ही भिंगातून पाहत बसलो. सहा चुनखडी पट्ट्यांची पांढरी भिंत, तीवर उभ्या फिकट जांभळ्या रेघा आणि माथ्यावर मिटलेली दोन दारे. बराच वेळ काहीच घडले नाही. मग दारे किंचित किलकिली झाली आणि केसाळ पायांचा एक झुबका बाहेर आला, पाण्यात पसरला, आत ओढला गेला, पुन्हा बाहेर आला. हा प्राणी डोक्याच्या बाजूने स्वतःला कायमचा चिकटवून घेतो आणि उरलेले आयुष्य पायांनी अन्न गोळा करण्यात घालवतो. बाहेरच्या कवचामुळे त्याला दीर्घकाळ शंख-शिंपल्यांच्या वर्गात बसवले जात असे. १८३० साली जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्याच्या पोहत्या पिल्लांची वाढ पाहून तो कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातला असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या एका गटाच्या अभ्यासाला दिली. पेल्यातली ती हालचाल पाहिल्यावर मला त्या आठ वर्षांचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

बार्नेकलचे पिल्लू शेवटच्या अवस्थेत काही खात नाही. जवळच्या शिदोरीवर जगत ते फक्त जागा शोधते. स्पर्शिकांच्या टोकांनी पृष्ठभाग चाचपत चालते, नापसंत असेल तर सोडून देते, पसंत पडला की चिकटद्रव सोडून कायमचे बसते. बोटीचा तळ त्याला पसंत पडू नये एवढ्यासाठी माणसाने किती खटपटी केल्या आहेत! ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. आजच्या लाल रंगातही बहुधा तांब्याचेच संयुग असते. मालीमला भेटलेल्या एका वयस्क खलाशाचे म्हणणे असे की पूर्वीचा रंग अधिक कडक होता, एकदा लावला की लवकर काही बसत नसे. जगभर वापरात असलेल्या त्या कडक रंगांत कथिलाचे एक संयुग, ट्रायब्यूटिल टिन, असे. फ्रान्समधील आर्काशों उपसागरात या विषाने कालवांची कवचे वेडीवाकडी जाड झाली आणि पैदास खालावली, तेव्हा १९८२ साली फ्रान्सने लहान बोटींवर त्याची बंदी घातली. पुढे २००१ चा आंतरराष्ट्रीय करार होऊन तो २००८ मध्ये अमलात आला. बोटीच्या तळावर बसणाऱ्याला मारणारे औषध तळापुरते थांबत नाही, हे त्या उपसागरातील कालवांनी दाखवून दिले.

रविवार : कुंभारजुव्याचा कालवा

मांडवी आणि झुवारी यांना जोडणारा हा कालवा दोन्ही टोकांनी भरतीचे पाणी घेतो. काठावर खारफुटी आहे, मधूनमधून खाजन शेतीचे, म्हणजे भरतीचे पाणी अडवून केलेल्या शेतीचे, बांध आहेत, आणि मगरींमुळे पर्यटकांना तो ठाऊक झाला आहे. खाणी भरात असताना या कालव्याचे महत्त्व वेगळेच होते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूची दांडी आणि लाटा यांमुळे वाट धोक्याची होते. तेव्हा लोहखनिजाने भरलेले बार्ज समुद्रात न जाता या कालव्यातून झुवारीत उतरत आणि मुरगाव बंदर गाठत. २०१२ साली खाणकाम थांबले आणि कितीतरी बार्ज जागच्या जागी उभे राहिले. चालती बोट आणि उभी बोट यांच्या तळात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्रवाहाच्या माऱ्यात सैल बसलेले जीव धुऊन जातात. नांगरून ठेवलेल्या बोटीवर मात्र ते महिनोन्‌महिने निर्वेध वाढतात.

आम्ही एका लहान होडीतून सकाळच्या ओहोटीला निघालो. होडी वल्हवणारे मामा साठीच्या पुढचे होते, तरुणपणी त्यांनी बार्जवर खलाशी म्हणून काम केले होते. एका जुन्या, गंजलेल्या बार्जच्या कडेला त्यांनी होडी लावली. ओहोटीने हातभर उघड्या पडलेल्या लोखंडावर बार्नेकल होतेच, पण त्यांच्यावर आणि त्यांच्या फटींत लहान काळपट शिंपल्यांचे घोस लोंबत होते. एकेक शिंपला दीड-दोन सेंटिमीटरचा, आणि प्रत्येकाच्या फटीतून निघालेले रेशमी तंतू शेजाऱ्याच्या कवचाला बांधलेले. मुठीएवढा घोस ओढला तर लोखंडाचा पापुद्राच सुटून हातात आला.

"काका, हे आपले शिनाणे नव्हेत ना?" मृणालने विचारले.

शिनाणे म्हणजे इथले खायचे शिंपले; हे परके तर नव्हेत, ही तिची शंका रास्त होती आणि ती तपासण्याची एक सोपी रीत आहे. युरोपातील कालव्यांत बोटींच्या तळावर वाढणारा झेब्रा शिंपला आणि त्याच्या कुळातील सगळे शिंपले यांच्या कवचाच्या टोकदार चोचीत आतल्या बाजूस एक आडवा लहान पडदा असतो. त्याच कुळातला, मूळचा अमेरिकेच्या उष्ण अटलांटिक किनाऱ्याचा 'मायटिलॉप्सिस सॅलेई' हा शिंपला १९६७ साली विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही त्याने मोठी वस्ती केली. दिसायला तो सामान्य, पण खारे, मचूळ आणि जवळजवळ गोडे अशी सर्व पाणी तो सहन करतो. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या बोटगोद्यांत तो सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने गोद्या बंद करून त्यांत क्लोरीन आणि मोरचुदाचे द्रावण सोडले आणि त्याचा समूळ नायनाट केला. एवढी कठोर उपाययोजना परवडते ती वस्ती बंदिस्त जागेत असेपर्यंतच. खुल्या नदीत कोणालाही ते शक्य नाही.

मृणालने चाकूच्या टोकाने काही शिंपले उघडले, आतला गर काढला आणि चोची एकेक करून उन्हात धरल्या. पडदा कुठेच नव्हता. म्हणजे हे शिंपले त्या कुळातले नव्हते. मामा हे सगळे लक्षपूर्वक पाहत होते. पडदा असता तर काय केले असते, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की नमुना, जागा आणि तारीख यांसह दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे दिला असता. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत बोटींच्या तळावरील वाढ हा अभ्यासाचा एक जुना विषय आहे. मामांनी घरी परतण्यापूर्वी स्वतःच्या होडीखालचे शिंपलेही उघडून पाहिले, हे मला फार आवडले.

सोमवार : रासई आणि दुर्भाट

झुवारीच्या काठी रासईला बार्जदुरुस्तीची कामे चालतात. एक बार्ज उताराच्या रुळांवर पाण्याबाहेर ओढून ठेवला होता आणि कामगार लांब दांड्याच्या पत्र्याने त्याचा तळ खरवडत होते. खाली पडलेला ढीग घोट्याएवढा उंच होता आणि त्याला मेलेल्या माशांच्या बाजाराहूनही उग्र वास येत होता. मी त्या ढिगातून तळहाताएवढी एक खपली उचलली आणि तिची कड पाण्याने धुतली. गोव्याच्या नद्यांचा स्वभाव त्या खपलीच्या कडेवर स्पष्ट उतरला होता.

सर्वांत आत, लोखंडाला लागून, बार्नेकलांच्या रिकाम्या चकत्या होत्या. भिंती मोडलेल्या, फक्त बूड उरलेले. त्यांच्या पोकळ्यांत तांबूस गाळ घट्ट बसला होता. त्यावर पांढऱ्या वळणावळणाच्या नळ्या, म्हणजे नळीकृमींची घरे. त्यावर पुन्हा बार्नेकल, हे मात्र जिवंत. मधला तो गाळ पावसाळ्याचा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात नदीच्या वरच्या थरातले मीठ नाहीसे होण्याइतके कमी होते, पाणी मातीने लाल होते. बार्नेकल आणि शिंपले दारे मिटून काही दिवस तग धरतात. पण आठवड्यांवर आठवडे गोडेच पाणी वाहत राहिले तर आतल्या आत मरतात. ऑक्टोबरनंतर खारे पाणी पुन्हा वर चढू लागते, त्याबरोबर नवी पिल्ले येतात आणि मेलेल्यांच्या घरांवर आपली घरे बांधतात. मुखापासून जितके आत जावे तितका हा वार्षिक संहार पुरा होतो. अनुभवी कामगाराला तळ पाहून बार्ज वर्षभर कुठे उभा होता हे सांगता येते, असे तिथल्या मुकादमाने सांगितले, आणि त्या खपलीकडे पाहून माझा त्यावर विश्वास बसला.

दुपारी फेरीबोटीने दुर्भाटला उतरलो. काठावर फणसाच्या लाकडाची एक होडी पालथी घातलेली होती आणि मालक तिला काजूच्या टरफलाचे काळे तेल लावत होता. होडी बाहेरून धडधाकट दिसत होती. फक्त एका फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी काही छिद्रे होती. मालकाने ती फळी काढूनच टाकली होती, म्हणून तिचा आडवा छेद आम्हाला पाहता आला. आत करंगळी जाईल अशी भुयारे होती, एकमेकांना न छेदता लाकडाच्या रेषेने गेलेली आणि आतून चुन्याच्या गुळगुळीत थराने मढवलेली. हे काम नौकाकृमीचे. नावात कृमी असला तरी तो शिंपल्याच्या वर्गातला प्राणी आहे. कवच आकसून डोक्याशी दोन लहान पाती उरली आहेत आणि त्यांनीच तो लाकूड कोरतो. लाकूड पचवायला लागणारी द्रव्ये त्याच्या कल्ल्यांत राहणारे जीवाणू पुरवतात. छिद्र बारीक असते, कारण प्राणी पिल्लू असतानाच आत शिरतो आणि मग आतच वाढतो.

यावर मालकाच्या घराण्यात चालत आलेला उपाय असा की पावसाळ्यात होडी वर, गोड्या पाण्यात नेऊन काही आठवडे बांधून ठेवायची. अनेक देशांच्या नाविकांनी हाच उपाय केला आहे. बहुतेक नौकाकृमींना गोडे पाणी सोसत नाही. ते छिद्राचे तोंड आतून बंद करून घेतात आणि ते फार दिवस बंद राहिले की मरतात. उलट वाटेने हाच नियम लागू केला तर गोड्या पाण्यातील वाढ खाऱ्या पाण्यात नेऊन मारता येते. निसर्गानेच दिलेली ही धुलाई आहे. मात्र ती प्रौढ, ओल्या, उघड्या जीवांना लागू पडते. बीजरूपात निजलेल्यांचे काय, हा प्रश्न पुढे मयेला पुढ्यात आला.

मंगळवार : नार्वे, आमोणे

मांडवीच्या वरच्या अंगाला फिरलो. दिवस ढगाळ आणि कमालीचा दमट होता आणि पाहण्यासारखे थोडेच मिळाले. नार्वेच्या धक्क्याच्या खांबांवर बार्नेकल लहान आणि विरळ. आमोण्याकडे त्याहून तुरळक. भरती-ओहोटीचा परिणाम वर गांजे गावापर्यंत पोचतो, परंतु मीठ तितके आत जात नाही, आणि खाऱ्या पाण्याचे जीव मिठाबरोबरच मागे राहतात. वाळू काढण्याच्या एका होडीच्या तळाला फक्त तपकिरी, बुळबुळीत लेप होता. त्याला कमी लेखू नये. पाण्यात बुडालेल्या कोणत्याही वस्तूवर काही तासांत जीवाणू बसू लागतात, मागोमाग डायटम नावाची काचेच्या कवचांची सूक्ष्म शैवाले येतात, आणि पुढे येणारा प्रत्येक जीव याच लेपावर पाय टेकतो.

बुधवार : मये

डिचोलीजवळचा मये तलाव डोंगरांच्या वेढ्यात आहे. इथे पर्यटकांसाठी पॅडलच्या बोटी आहेत. मेअखेरीस पाणी उतरलेले होते. काठाचे दगड आणि वापरातून काढलेली एक जुनी होडी पूर्ण उघडी पडली होती. होडीच्या उताराकडील बाजूला अजून वीतभर पाणी होते. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासात याच होडीला भेटायचे होते.

खाऱ्या नद्यांतल्या तळांच्या मानाने हा तळ पहिल्या नजरेला रिकामा वाटतो. बार्नेकल नाही, कालव नाही, नळीकृमी नाही. गोड्या पाण्यात चिकटून राहणारे जीव मऊ, चपटे आणि बहुधा गाळाच्या रंगाचे असतात. कोरड्या पडलेल्या बाजूवर भांड्याच्या तळाला लागलेल्या भाताच्या खरपुडीसारखा एक राखाडी थर होता, हाताच्या पंजाएवढा, बोट लावताच भुगा होणारा. मृणालने बोट लावले आणि लगेच मागे घेतले. कातडीला बारीक खाज सुटली. ही खाज म्हणजे ओळखच होती. तो थर म्हणजे वाळलेला स्पंज. स्पंज हा प्राणी आहे, त्याच्या अंगात गारेच्या सूक्ष्म सुया असतात आणि प्राणी मेला तरी त्या तशाच राहतात.

भुग्यातला चिमूटभर भाग पाण्याच्या थेंबात घेऊन भिंगाखाली धरला. सुयांच्या जाळीत पिवळसर, गोल, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे दाणे ठासून भरलेले होते. हे स्पंजाचे जेम्यूल. पाणी आटू लागले किंवा ऋतू प्रतिकूल झाला की स्पंज आपल्या काही पेशी अन्नासह कठीण वेष्टणात बंद करतो आणि स्वतः मरून जातो. वेष्टणाला एक बारीक छिद्र असते. पाणी परतले की पेशी तिथून बाहेर पडतात आणि नवा स्पंज घडवतात. हा सगळा प्रकार समजून घेण्यात आपल्याच मुलखाचा मोठा वाटा आहे. हेन्री जॉन कार्टर हे मुंबईतील लष्करी शल्यवैद्य. त्यांनी मुंबई बेटावरच्या तळ्यांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचे वर्णन १८४९ साली प्रसिद्ध केले. एका भारतीय स्पंजाच्या शास्त्रीय नावात आजही 'कार्टेरी' हा शब्द आहे. ज्या तळ्यांवर माणसे पाणी भरत, धुणी धूत, त्यांच्या काठाशी बसून एका माणसाने या प्राण्याची पेशी-पेशी पाहिली, हे आपल्या शाळांतून सांगितले जात नाही याची मला खंत वाटते.

अजून पाण्यात असलेल्या बाजूवर वेगळीच वस्ती होती. तपकिरी, फांद्या फुटलेल्या, दोऱ्याएवढ्या जाडीच्या नळ्या तळाला चिकटून पसरल्या होत्या. एक तुकडा पांढऱ्या बशीत ठेवला, सावलीत नेला आणि वाट पाहिली. पाच-सात मिनिटांनी नळ्यांच्या टोकांतून पारदर्शक झुबके उमलले. प्रत्येक झुबका घोड्याच्या नालेच्या आकाराचा, त्यावर अतिसूक्ष्म शुंडकांची, म्हणजे सोंडेसारख्या तंतूंची, रांग, आणि त्या शुंडकांवरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाण्यातला एकेक कण आत खेचला जात होता. मृणालने बशीला नखाने हलके टिचकी मारली. सगळे झुबके एका क्षणात आत गेले आणि मग एकेक करून, भीत भीत, पुन्हा वर आले. हे ब्रायोझोआ. एका वसाहतीत असे शेकडो जीव एकमेकांना जोडलेले राहतात. बंगालच्या उपसागरापासून युरोपातल्या कालव्यांपर्यंत त्यांचे सोयरे पसरले आहेत. पण त्यांचाही महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. नागपूरला मिळालेल्या एका ब्रायोझोआचे वर्णन याच कार्टर यांनी १८५८ मध्ये केले आणि नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून त्याला 'हिस्लोपिया' हे नाव दिले. पुढे नेल्सन ॲनंडेल यांनी गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रॉइड आणि ब्रायोझोआ यांचा भारतासाठीचा ग्रंथ १९११ साली सिद्ध केला. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक.

नालेच्या आकाराचे झुबके असणाऱ्या ब्रायोझोआंच्या नळ्यांत स्टॅटोब्लास्ट नावाची बीजे तयार होतात. आमच्या तुकड्यातही ती होती: काळपट, लंबगोल, कडेला हवेच्या कप्प्यांचे फिकट कडे. या कड्यामुळे काही बीजे तरंगतात, तर काही तळाला चिकटलेलीच राहतात. मूळ मुंबईहून १८६६ साली वर्णन झालेल्या 'लोफोपोडेला कार्टेरी' या जातीच्या बीजांना तर दोन्ही टोकांना आकडे असतात. ती जात १९३० च्या दशकात अमेरिकेच्या तलावांत सापडली. पाणवनस्पती, पक्ष्यांचे पाय, बोटी, दोर, जाळी, काहीही या बीजांना वाहन म्हणून चालते, आणि वाळलेल्या अवस्थेत ती काही वर्षे टिकतात.

इंग्लंडमधील कालव्यांवर अरुंद, लांबलचक पोलादी बोटी चालतात. कित्येक कुटुंबे त्यांत बारमाही राहतात. दोन-तीन वर्षांनी बोट सुक्या गोदीत घेतात, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तळ धुतात आणि डांबरी काळा रंग देतात. त्या वेळी तळावर जे निघते ते थेट मयेच्या होडीची आठवण देणारे असते: हिरवे-राखाडी स्पंज, ब्रायोझोआच्या नळ्या, गोगलगाई, आणि जोडीला झेब्रा शिंपले. कास्पियन आणि काळ्या समुद्राकडच्या नद्यांतला हा शिंपला माणसाने खोदलेल्या कालव्यांच्या वाटेने पश्चिमेकडे सरकत गेला आणि १८२४ मध्ये लंडनच्या गोदीत आढळला. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत मिळाला आणि तिथल्या पाणीपुरवठ्याच्या नळांत इतका दाटला की त्याचा उपद्रव सबंध देशाचा प्रश्न बनला. दोन वेगळ्या जलप्रदेशांना जोडणारा कालवा नुसते पाणी नेत नाही, आणि बोट नुसता माल नेत नाही.

तलावावरच्या कर्मचाऱ्यांना आम्ही बशी दाखवली. त्यांच्यापैकी एकाने विचारले की हे जीव बोटीला अपाय करतात का. फायबरच्या पॅडलबोटीला ते काही करत नाहीत. उलट स्पंज आणि ब्रायोझोआ दिवसभर पाणी गाळत असतात. हे ऐकून त्याने जुन्या होडीची ओली बाजू तशीच राहू द्यायचे कबूल केले. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

गुरुवार : माशेलच्या वाटेवर

परतताना कुंभारजुव्याच्या कालव्याच्या काठी एक तरुण बोटवाला भेटला. त्याच्या दोन फायबरच्या बोटी कालव्यात असत. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते, म्हणून एक बोट टेम्पोत घालून सत्तरी तालुक्यातल्या एका धरणाच्या जलाशयात हौशी मासेमारांना भाड्याने द्यायचा त्याचा विचार होता. तळाला शिंपल्यांचे लहान घोस होते आणि आत, फळ्यांखाली, कालव्याचे पाणी साचलेले होते.

मी त्याला जे सांगितले ते इतके: कालव्यातले बहुतेक जीव धरणात तगणार नाहीत हे खरे, पण ज्यांना मचूळ आणि गोडे दोन्ही चालते ते नेमके तगतील, आणि साचलेल्या पाण्यात त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असू शकतात. म्हणून आतले पाणी इथेच जमिनीवर उपसून टाकावे, तळ कोरडा खरवडावा, दोर आणि नांगरसुद्धा पुसून घ्यावेत आणि बोट निदान दोन आठवडे उन्हात पालथी ठेवावी. शिंपल्यांना ऊन पुरेसे आहे. जलाशयातून बोट परत आणताना मात्र उन्हावर भरवसा ठेवता येणार नाही, कारण जेम्यूल आणि स्टॅटोब्लास्ट उन्हात वाळूनही जगतात. तेव्हा खरवडून निघालेला भुगा पाण्यापासून दूर नेऊन पुरायचा. इंग्लंडमध्ये बोटवाल्यांना आणि गळ टाकणाऱ्यांना नेमके हेच, तपासा, स्वच्छ करा, वाळवा, असे काठाकाठावर पाट्या लावून सांगितले जाते. आपल्याकडे अशा पाट्या लावायला वेळ लागेल, पण बोटवाल्याशी बोलायला लागत नाही.

त्याने फार वाद घातला नाही. बोट भाड्याने जायला उशीर होईल एवढीच त्याची अडचण होती आणि ती खरी होती. दोन आठवडे म्हणजे त्याची हातातली कमाई. शेवटी त्याने दुसरी, नवी, अजून पाण्यात न उतरलेली बोट धरणावर पाठवायचे आणि ही कालव्याचीच ठेवायचे ठरवले. मृणालने शिंपल्यांच्या चोची तपासण्याची रीत त्याला दाखवली आणि तो चाकू घेऊन पहिला घोस उघडायला बसला.